यंत्र जर्मन, कुलूप चिनी

मा. श्री. पीयूष गोयल,
केंद्रीय वाणिज्य व उद्योग मंत्री

स. न. वि. वि.

ऑक्टोबर २०२४ मध्ये दिल्ली मेट्रोच्या डब्यात आपण जर्मनीचे तेव्हाचे आर्थिक व्यवहार मंत्री रॉबर्ट हाबेक यांना तोंडावर सुनावलंत, की तुमची कंपनी आम्हाला बोगदा खोदायची यंत्रं विकते, बनवते मात्र चीनमध्ये, आणि चीन ती सोडत नाही. बरं झालं बोललात. बुलेट ट्रेनच्या, मुंबईतल्या बीकेसीपासून ठाणे खाडीखालून शिळफाट्यापर्यंतच्या बोगद्याची यंत्रंही पुढे तशीच चीनमध्ये अडकून पडली. कंपनी हेरेनक्नेख्त, जर्मनीतल्या श्वानाऊची. कारखाना ग्वांगझोऊचा.

यंत्रनिर्यातीत जर्मनी बराच काळ पहिली होती. २०२० मध्ये चीनने तिला मागे टाकलं. जर्मन यंत्रउद्योजकांच्याच संघटनेचा, व्हीडीएमएचा, हिशेब सांगतो : चीन १६५ अब्ज युरो, जर्मनी १६२. आपल्याकडे या आकड्यांवर चर्चा होते ती क्रिकेटच्या गुणतक्त्यासारखी. पण निर्यात मोजली जाते ती माल कुठून निघाला यावर. ग्वांगझोऊहून निघालेलं जर्मन यंत्र चीनच्या खात्यात पडतं. उलटही घडतं. गोव्यात वेर्ण्याला पुट्झमायस्टरचे काँक्रीट पंप बनतात. नाव जर्मन, २०१२ पासून मालक चीनची सानी कंपनी, आणि पंप परदेशी गेला तर निर्यात भारताची! मग पुढे कोण, हे त्या दोन आकड्यांवरून कसं ठरवायचं?

मी वागळे इस्टेटमधला लहान कारखानदार. मशीन घेताना आम्ही बनावटीचा देश विचारतोच, पण त्याआधी विचारतो, स्पेअर कुठून येणार? बोगद्याच्या यंत्राचे कटर खडकात झिजतात, सतत बदलावे लागतात. म्हणजे यंत्र एकदा सुटून आलं तरी दोरी तिकडेच राहते.

ऑगस्ट २०२५ मध्ये चीनचे परराष्ट्रमंत्री वांग यी दिल्लीत येऊन गेले, यंत्रं सोडण्याचं आश्वासन मिळाल्याच्या बातम्या आल्या. आश्वासनावर खाडीखालचा बोगदा कसा खोदायचा?

विनंती एवढीच. सरकारी प्रकल्पांच्या मोठ्या यंत्रखरेदीत निविदेतच विचारा, की यंत्र कोणत्या कारखान्यातून निघणार, निर्यातीची परवानगी कोणाच्या हातात, आणि तिथून अडलं तर दुसरीकडून कोण देणार. हेरेनक्नेख्तचा चेन्नईजवळही कारखाना आहे. तिथे नुसती जुळणी न होता कटर आणि सुटे भागही बनावेत, अशी अट घालता येईल. ते काम घ्यायला ठाणे, पुणे, कोल्हापूरचे कारखाने आहेत.

कळावे,
वागळे इस्टेट, ठाणे येथील एक लघुउद्योजक