हास्य क्लबची पथ्येही छापा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या रविवार पुरवणीत जागतिक हास्य दिनानिमित्त आपण हास्य क्लबला अर्धे पान दिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. पण लेखाशेजारी 'तुमच्या बागेत सुरू करा हास्य क्लब' अशी जी चौकट छापली आहे, तिच्यातल्या निदान चार सूचना चुकीच्या आहेत आणि एक तर सरळ धोक्याची आहे. कोणती, ते आज सकाळीच आमच्या बागेत दिसले, म्हणून हे पत्र तातडीने लिहीत आहे.

ती सूचना अशी: 'वयाची किंवा आजाराची कोणतीही अट नाही. कोणीही यावे आणि पोट दुखेपर्यंत हसावे.' आज काही नवे चेहरे आले होते. त्यांतल्या साठीच्या एका गृहस्थांनी तेच कात्रण घडी घालून शर्टाच्या खिशात आणले होते. नाव लिहून घेताना गटप्रमुख प्रत्येकाला विचारतात तसे त्यांनाही विचारले, गेल्या सहा महिन्यांत काही ऑपरेशन? हर्नियाची जाळी बसवून तीन आठवडेसुद्धा झाले नव्हते. त्यांना म्हटले, काका, तुम्ही सध्या बाकावर बसून नुसते श्वास घ्या. त्यांनी कात्रण उलगडले आणि त्या ओळीवर बोट ठेवले. 'पेपरात तर अट नाही म्हणून छापलंय.' डॉक्टरांनी जड उचलू नका एवढेच सांगितले होते, हसण्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. शेवटी गटातल्या एका निवृत्त परिचारिकेने त्यांना टाक्यांच्या जागी स्वतःचाच तळहात ठेवायला लावला आणि हलकेच खाकरायला सांगितले. ते खाकरले, हाताला आतून धक्का लागला आणि त्यांचा चेहराच बदलला. मग निमूट बाकावर बसले.

त्या धक्क्याचे कारण साधे आहे. पोटातून हसताना छातीखालचा पडदा आणि पोटाचे स्नायू हिसक्याहिसक्याने आकसतात. प्रत्येक 'हा'ला पोटातला दाब वाढतो, आणि तीस-चाळीस सेकंदांच्या एका हास्यात असे कितीतरी हिसके बसतात. निरोगी माणसाला त्याने व्यायाम होतो. नुकतेच टाके पडलेल्या माणसाचे टाके त्याने ताणले जातात. म्हणून पोटाची, छातीची किंवा डोळ्याची शस्त्रक्रिया झालेल्यांनी किमान तीन महिने थांबायचे, आणि तेही डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच यायचे, असा आमच्याकडे शिरस्ता आहे. ऑपरेशन न झालेला हर्निया, रक्त पडणारी मूळव्याध, काचबिंदू, औषधाने आटोक्यात नसलेला रक्तदाब, चालताना छातीत दुखणे, फिट्स येणे, बायकांना गर्भाशय खाली सरकून अंग बाहेर येण्याचा त्रास, गरोदरपण, कंबरेत ताजी उसण, यांपैकी काहीही असेल तर जोराचे हसणे वर्ज्य. सर्दी-खोकला असलेल्याने चार दिवस घरी बसावे, कारण तोंड उघडून हसणाऱ्यांच्या गोलात तो पसरायला वेळ लागत नाही. एवढ्या ओळी त्या चौकटीत सहज मावल्या असत्या.

दुसरी सूचना 'सलग अर्धा तास हसावे'. सलग हसणाऱ्याला पाच मिनिटांत गरगरायला लागते. भराभर श्वास सोडला जातो, त्याबरोबर कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर पडतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात. नवखा माणूस घाबरतो, आणखी जोराने श्वास घेतो आणि त्रास वाढतो. असे कोणाला झाले तर त्याला खाली बसवायचे, तोंड मिटायला सांगायचे आणि नाकाने सावकाश श्वास घ्यायला लावायचे. पण ही वेळच येऊ नये म्हणून एका हास्यानंतर दोन दीर्घ श्वास ही पद्धत ठरलेली आहे. हात वर नेत नाकाने श्वास घ्यायचा आणि हात खाली आणताना घेतल्यापेक्षा जास्त वेळ लावून सोडायचा. अर्ध्या तासाच्या वर्गात प्रत्यक्ष हसणे जेमतेम दहा मिनिटांचे असते. बाकी वेळ टाळ्या, श्वास आणि हालचालींना.

सुरुवात हसण्याने करायचीच नसते. आधी पाच-सात मिनिटे घोटे, गुडघे, मनगटे, खांदे मोकळे करायचे. मान पूर्ण गोल फिरवायची नाही. मानेच्या मणक्याचा त्रास असलेल्यांना त्यात चक्कर येऊ शकते, म्हणून उजवीकडे, डावीकडे, खाली आणि परत मध्ये, बस. खाली वाकून झटकन उठायचे नाही, कारण रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना डोळ्यांपुढे अंधारी येते. मग टाळ्या: एक-दोन, एक-दोन-तीन या ठेक्यावर 'हो हो, हा हा हा'. बोटांवर बोटे आणि तळव्यावर तळवा पूर्ण बसला पाहिजे. इथे गट एका तालात आला की पुढचे सगळे सोपे जाते. मग नमस्कार हास्य, ताक हास्य, मोबाइल हास्य, लांब काठी मापल्यासारखे हात सरकवत मीटर हास्य, तोंड मिटून गुणगुण हास्य आणि मूक हास्य. सिंह हास्य शेवटाकडे घ्यावे. त्यात जीभ पूर्ण बाहेर काढायची असते, म्हणून कवळी सैल असेल तर ती आधीच काढून डबीत ठेवायची, नाहीतर ती गवतात शोधत बसावे लागते. जोराचे हास्य झाले की लगेच दुसरे जोराचे घेत नाहीत, मध्ये एक शांत हास्य घालतात. आणि आवाज नाभीपासून यायला हवा. पोटावर हात ठेवल्यावर 'हा'ला पोट आत जात असेल तर बरोबर. नुसता गळा ताणून किंचाळणाऱ्याचा घसा आठ दिवसांत बसतो.

आपल्या छायाचित्रात सगळी मंडळी उगवतीकडे तोंड करून, मान मागे टाकून, हात आभाळाकडे करून उभी आहेत. फोटो छान आला आहे, पण असे उभे राहू नये. डोळे दिपतात, तोल जातो आणि समोर प्रमुख काय करून दाखवतोय ते दिसतच नाही. या खेळात डोळ्याला डोळा भिडणे सर्वांत महत्त्वाचे. सुरुवातीचे हसणे ओढूनताणूनच असते, समोरच्याचा चेहरा पाहून ते खरे होते. म्हणून सूर्य पाठीशी ठेवून अर्धगोल करावा आणि दोघांत हातभर अंतर सोडावे.

तिसरी सूचना 'रोज प्रत्येकाने एक विनोद सांगावा' आणि लेखातले ते वाक्य, की ही परदेशातून आलेली लाट आहे. संपादक महाशय, ही लाट मुंबईत उठली. १३ मार्च १९९५ रोजी डॉ. मदन कटारिया यांनी अंधेरीच्या लोखंडवाला संकुलातल्या बागेत पाच जणांना घेऊन पहिला हास्य क्लब सुरू केला आणि मग तो जगभर गेला. पुण्यात विठ्ठल काटे यांच्या नवचैतन्य हास्ययोग परिवाराने बागोबागी शाखा काढल्या, त्यांचा आपल्या पुण्याच्याच लेखात उल्लेखही नाही. कटारियांच्या गटातही सुरुवातीला विनोदच सांगत. पंधरा दिवसांत चांगले विनोद संपले, अचकट-विचकट आणि कोणाला तरी लागणारे सुरू झाले, मंडळी नाराज झाली. तेव्हा डॉक्टरांनी विनोद बंद केले आणि कारणाशिवाय हसायचे ठरवले. योगशिक्षिका असलेल्या त्यांच्या पत्नी माधुरीताईंमुळे त्याला श्वसनाची जोड मिळाली. जो मार्ग पहिल्याच महिन्यात अनुभवाने सोडून दिला, तोच आपण नव्या गटांना सांगत आहात. विनोदावर चालणारा गट फार टिकत नाही. बायका, जावई, जात, जाडी यांवर विनोद सुरू झाले की पहिल्यांदा महिला यायच्या थांबतात.

चौथी सूचना वाचून तर रागच आला. 'पहाटे साडेपाचला स्पीकर लावून.' ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक लावायला बंदी आहे, आणि रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या भोवतीचे शंभर मीटर शांतता क्षेत्र असू शकते. हास्य क्लबच्या आवाजाचे गाऱ्हाणे कुर्ल्यातून थेट मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेलेले आहे. बागेला लागून इमारती असतात, तिथे रात्रपाळी करून आलेली माणसे आणि तान्ही बाळे झोपलेली असतात. साडेसहाला सुरू करावे, स्पीकर अजिबात नको, आणि खिडक्या जवळ असतील तर गुणगुण व मूक हास्यावर भर द्यावा. त्यानेही व्यायाम होतो.

हसण्याने मधुमेह 'मुळापासून' जातो, हे आपण छापलेले विधान कृपा करून मागे घ्या. कोणी गोळ्या बंद केल्या तर जबाबदार कोण? उलट इन्सुलिन घेणाऱ्यांनी अगदी उपाशीपोटी येऊ नये आणि खिशात खडीसाखर ठेवावी, हे सांगायला हवे होते. हसण्याने काय होते ते पुरेसे मोठे आहे, त्याला खोट्याची जोड कशाला? छाती मोकळी होते, आखडलेले खांदे सुटतात, झोप बरी लागते. आणि ज्या घरात दिवसभर कोणी दोन शब्द बोलत नाही, त्या घरातल्या माणसाला रोज सकाळी वीस जण नावाने हाक मारतात. एक दिवस आला नाही तर फोन जातो. वाढदिवसाला पेढे येतात, सगळे मिळून मोठ्याने 'हो हो' करतात. कोणाचा जोडीदार गेला, तर महिन्याभराने त्याला घरून घेऊन येणारे दोघे याच गटातले असतात. हे सगळे टिकवायचे तर कोणाला इजा होता कामा नये, म्हणून एवढा आग्रह.

एक गोष्ट मात्र आपण छापाच, संकोच करू नका. चाळिशीनंतर, विशेषतः बाळंतपणे झालेल्या बायकांना, हसताना लघवी सुटण्याचा त्रास होतो. त्या कोणाला काही न सांगता यायच्या बंद होतात आणि गटाला वाटते, कंटाळल्या. वर्गाआधी लघवीला जाऊन येणे, हसण्यापूर्वी ओटीपोटाखालचे स्नायू आत खेचून धरणे, जोराऐवजी मूक हास्य करणे आणि डॉक्टरांना दाखवणे, एवढ्याने बहुतेकींचे भागते. पण जाऊन येणार कुठे? आमच्या भागातली महापालिकेची बाग साडेपाचला उघडते आणि तिच्यातले महिलांचे स्वच्छतागृह आठपर्यंत कुलूपबंद असते, कारण किल्ली माळ्याकडे आणि माळी येतो आठला. फाटक उघडणाऱ्या रखवालदाराकडे ती किल्ली ठेवली की प्रश्न मिटला. लेखी अर्ज दिले, पोच मिळाली, किल्ली तिथेच आहे.

पुढच्या रविवारी त्याच जागी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत दुरुस्ती छापावी ही विनंती. त्याआधी आपल्या वार्ताहराला एकदा सकाळी साडेसहाला बागेत पाठवावे. वर्ग पाहील, आणि ते कुलूपही पाहील.

कळावे, लोभ असावा.

आपल्या अंकाचा नियमित वाचक व हास्य क्लबचा सभासद,
पुणे