कंबरेतला 'कट्ट' आवाज

संपादक महोदय,

वडगावात यंत्रमागापुढं उभं राहून माझी ३० वर्षं गेली. आता कंबर अशी धरते की चप्पल घालतानाही भिंतीचा आधार लागतो. मणके बसवणाऱ्या एकाकडं आठ वेळा गेलो. पालथं झोपवून, गुडघा टेकवून तो हिसका देतो, 'कट्ट' वाजलं की म्हणतो, "बसला बघा मणका!" दोन दिवस बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

फिजिओथेरपी शिकणारी पुतणी मात्र हसली. तो आवाज सांध्यातल्या द्रवात वायूचा बुडबुडा होण्याचा, मणका जागचा सुटलेलाच नसतो म्हणे. २०१९ मध्ये 'बीएमजे' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात ४७ चाचण्यांचा आढावा आला होता : जुनाट कंबरदुखीत या उपचाराचा गुण व्यायामासारख्या शिफारशीतल्या उपचारांइतकाच. म्हणजे अगदी थोतांड नाही, पण चमत्कारही नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये कंबरपट्टा सरसकट देऊ नका म्हटलंय. माझा आता खुंटीवर आहे.

लघवीवरचा ताबा सुटला, जांघेत बधिरपणा आला, तर हिसका नको, थेट इस्पितळ गाठावं. एवढी माहिती सरकारी दवाखान्यांत कन्नडसोबत मराठीतही भिंतीवर लावता येईल का?

– एक विणकर, वडगाव, बेळगाव