साथ आली की विहिरीत टीसीएल, पण विचारपूस कोण करणार?

नमस्कार संपादक साहेब,

गॅस्ट्रोची साथ आली की आपल्याकडे विहिरीत टीसीएल, म्हणजे जंतू मारायची ब्लीचिंग पावडर, पडते, पुढारी येऊन जातात, फोटो होतात, पण कोण कधी आजारी पडलं आणि पाणी कुठलं प्यायलं हे घरोघर विचारणारा माणूस सापडत नाही. मी आरोग्य सहाय्यक म्हणून रिटायर झालो, म्हणून सांगतो. एका गावात पेशंट वाढत होते आणि आम्ही सगळे विहिरीच्या मागे लागलेलो. तिथं एक नवीन डॉक्टर मुलगी आली, शंभर पानी वही घेऊन दारोदार फिरली, वय काय, उलट्या कधीपासून, नळ कुठला, सगळं लिहिलं आणि गावाच्या नकाशावर टिकल्या चिकटवल्या, अहो कपाळाला लावतात त्याच! सगळ्या टिकल्या एकाच व्हॉल्व्हच्या पुढच्या गल्लीत. खणलं तर पाइप गटारातून गेलेला, आणि फुटलेला. विहीर बिचारी उगाच बदनाम.

साथीचं मूळ असं शोधून काढणं शिकावं लागतं. अमेरिकेत 1951 पासून शिकवतात, थायलंडने 1980 ला सुरू केलं, आपल्याकडे चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेत 2001 पासून आणि दिल्लीला 2012 पासून दोन वर्षांचा कोर्स आहे. बिहारच्या मुझफ्फरपूरला दर उन्हाळ्यात पहाटे झटके येऊन लहान मुलं दगावायची, कुणी व्हायरस म्हणायचं, कुणी औषध फवारणी. 2014 ला दिल्लीच्या आणि अमेरिकेच्या टीमने झटके आलेली आणि दुसऱ्याच आजाराने त्याच दवाखान्यांत आलेली, अशा दोन्ही मुलांच्या घरच्यांना तेच प्रश्न विचारले, तेव्हा कळलं की बरीच मुलं बागेत लिची खाऊन रात्री न जेवता झोपलेली आणि रक्तातली साखर पार खाली गेलेली. उपाय काय, तर पोराला रात्री जेवू घाला आणि झटके आले तर आधी साखर तपासा. तरी 2019 ला पुन्हा शंभरावर मुलं गेलीच, म्हणजे दिल्लीला कळून भागत नाही, तिथल्या आरोग्य केंद्रातही तसा माणूस लागतो.

नोकरी न सोडता करायचा तीन महिन्यांचा छोटा कोर्सपण असतो. तो आपल्या नर्सताई, आरोग्य सेवक, लॅबवाले, जनावरांचे डॉक्टर सगळ्यांना द्या, पण हॉलमध्ये पीपीटी आणि दुपारचं जेवण असला नको, खऱ्या साथीत फिरवा. आणि शिकलेल्या माणसाला नंतर ऑनलाइन रिपोर्ट भरायला बसवू नका.

त्या डॉक्टर बाई बदलून गेल्या तेव्हा वही ऑफिसात ठेवून गेल्या. पुढच्या पावसाळ्यात परत साथ आली, वही कपाटात होती आणि कपाटाची किल्ली कुणाकडे ते कुणालाच माहीत नव्हतं.

– एक निवृत्त आरोग्य सहाय्यक, सोलापूर जिल्हा