काळ, वय आणि नेतृत्व

संपादक महोदय,

‘पूर्वीचा काळच वेगळा, म्हणून तसे नेते घडले’ हे वाक्य निवडणुका जवळ आल्या की आपल्या सातारा-सांगली भागात हमखास ऐकू येते. त्यात तथ्य आहे. मात्र तोच काळ कोणाला कोणत्या वयात भेटला, हा प्रश्न आपण विचारत नाही.

१९४२ मध्ये क्रांतिसिंह नाना पाटील ४२ वर्षांचे होते. सत्यशोधकी विचार त्यांच्यात आधीच मुरलेला होता आणि तलाठ्याची नोकरी सोडूनही बराच काळ लोटला होता. त्यामुळे त्यांच्या प्रतिसरकारात, म्हणजे इंग्रजी राजवटीला समांतर चालवलेल्या लोकांच्या कारभारात, इंग्रजांशी लढ्याबरोबरच सावकारी, दारू आणि लग्नातील उधळपट्टी यांचाही बंदोबस्त झाला आणि स्वातंत्र्यानंतर ते डाव्या चळवळीत गेले, याचे मला नवल वाटत नाही. यशवंतराव चव्हाण १९३२ मध्ये तुरुंगात गेले, तेव्हा त्यांनी विशीही गाठलेली नव्हती. तिथे गांधीवादी, समाजवादी अशा नाना मतांच्या माणसांचे वाद त्या कोवळ्या वयात कानावर पडले आणि पुढे काही काळ क्रांतिकारक विचारवंत मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांचीही ओढ लागली. सगळ्यांना सोबत जोडून घेण्याच्या त्यांच्या ‘बेरजेच्या राजकारणा’ची मुळे मला तिथेच दिसतात. वसंतदादा पाटील यांनी १९४३ च्या जुलैत सांगलीचा तुरुंग फोडला आणि गोळी झेलली, ती पंचविशीत. अंगावर जोखीम घेण्याची ही सवय मुख्यमंत्री म्हणून १९८३ मध्ये विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट मोकळी करतानाही दिसली. (तो निर्णय हितकारक होता का, यावर वाद आहेत आणि ते असावेत.)

आज पन्नाशीच्या आत असलेल्या पुढाऱ्यांचे तारुण्य कशात गेले? १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने महाविद्यालयांतील खुल्या निवडणुका बंद झाल्या. त्या निवडणुकांत मारामाऱ्या होत, हे खरे. पण घरात कारखाना, बँक किंवा शिक्षणसंस्था नसलेल्या मुलाला सभेत उभे राहण्याची, हरण्याची आणि विरोधकाशी बोलणे चालू ठेवण्याची तालीम तिथेच मिळत असे. ती गेल्यावर वडिलांची संस्था हाच राजकारणाचा दरवाजा उरला. तेव्हा दोष केवळ नव्या पिढीच्या स्वभावाला देणे अन्यायाचे आहे.

२०१६ च्या कायद्यात या निवडणुकांची तरतूद पुन्हा आली. ती नियमितपणे अमलात यावी, यासाठी दोन्ही जिल्ह्यांतील आमदारांनी विधिमंडळात आग्रह धरावा.

— एक वाचक, कराड (जि. सातारा)