ताकाचा तांब्या घेऊन येणाऱ्या आशाताईंना

ताई,

आप्पांची टीबीची शेवटची गोळी संपून आज बारा दिवस झाले. तुमच्यासमोर बोलायला गेलो की घसा दाटून येतो, म्हणून लिहितोय. धाकटीचं लग्न झालं, तिच्या सासरीही सगळं सांगून झालंय. आप्पाच म्हणाले, "आता लिही उघडपणे."

शहरातल्या त्या मोठ्या दवाखान्यात आम्ही दोन महिने हेलपाटे घातले. खोकल्याची औषधं, सलाईन, बिलावर बिल. थुंकी तपासून घ्या, असं एकदाही कुणाच्या तोंडून निघालं नाही. तुम्ही गावच्या आशा कार्यकर्त्या म्हणून फिरताना ओट्यावर टेकलात, आप्पांचा खोकला ऐकलात आणि म्हणालात, "पंधरा दिवसांच्या वर गेला ना? मग थुंकी तपासायची." त्याच आठवड्यात टीबी निघाला, गोळ्या सुरू झाल्या. एक पैसा लागला नाही.

पण मला विसरता येत नाही तो तुमचा तांब्या. तेव्हा धाकटीचं जुळत होतं आणि टीबीचं नाव गावात फुटेल या धास्तीनं आई रात्र रात्र जागी असायची. तिनं तुम्हाला काही सांगितलंही नव्हतं. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही रिकामा तांब्या घेऊन दारात. "वहिनी, ताक आहे का?" लोक ताकाला जाऊन भांडं लपवतात. तुम्ही भांडं पुढे धरलंत आणि गोळ्या पदराआड ठेवल्यात. आप्पांनी गोळ्या गिळल्या की मगच तांब्या उचलायचात. हे तुम्हाला कुठल्या प्रशिक्षणात शिकवलं असेल, असं मला वाटत नाही.

माझ्या पगारातून दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये व्यवसाय कर कापला जातो. आजवर मी त्याच्या नावानं बोटं मोडली. या आजारपणात आप्पांच्या उशाशी बसून कळलं, की ७२ च्या दुष्काळानंतर ते रोजगार हमीवर पाझर तलावाच्या कामाला होते, खडी फोडत होते. हा कर १९७५ मध्ये त्या हमीसाठीच बसवला गेला. म्हणजे मुंबईतल्या कुणा अनोळखी नोकरदाराच्या पैशावर माण तालुक्यातली आमची चूल पेटली. आता माझी पाळी आहे, आणि मी आनंदानं देईन. फक्त महिना वीस हजारवाल्याला वर्षाला अडीच हजार आणि वीस लाखवाल्यालाही तेवढेच, हे मला पटत नाही. ज्याचं ताट भरलेलं, त्यानं जास्त वाढावं, म्हणजे तुमच्या ताटातही नीट पडेल.

कारण तुम्ही कागदावर अजून 'स्वयंसेविका'च आहात. एका पेशंटचा सहा महिन्यांचा कोर्स पुरा करून घेतल्याचे हजार रुपये. हक्काचं मागायला तुमच्या बायकांना आझाद मैदानात उन्हात बसावं लागतं. ताई, याची आम्हाला लाज वाटायला हवी.

तुमचा तांब्या आमच्याकडे राहिलाय. आईनं चिंचेनं घासून ठेवलाय. रविवारी गावी येतोय, भरून घेऊन येईन.

तुमचा,
आप्पांचा थोरला