ग्रीन कार्ड कुणाच्या जिवावर?

संपादक महोदय,

अमेरिकेच्या अडीचशे वर्षांवर तुमच्या रविवार पुरवणीत आलेला लेख वाचला. जेफरसन, 4 जुलै 1776 चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा, त्यातलं सगळी माणसं समान जन्माला येतात वगैरे छान लिहिलंय, पण लेखकाने 1776 ला गाडी सोडली ती थेट सिलिकॉन व्हॅलीलाच थांबवली, मधली स्टेशनं गेली कुठे? हे वाक्य लिहिणाऱ्या जेफरसनकडे आयुष्यभरात सहाशेच्या वर गुलाम होते, ते आता बऱ्याच जणांना माहीत असतं म्हणून त्यात शिरत नाही, मला बोलायचंय ते आपल्या लोकांबद्दल.

आमच्या सोसायटीत निम्म्या घरातलं कुणी ना कुणी तिकडे आहे, माझी मुलगी आणि जावई पण न्यू जर्सीला आहेत, दोघंही एच-वन-बी म्हणजे नोकरीच्या टेम्पररी व्हिसावर. संध्याकाळी कट्ट्यावर ठरलेला डायलॉग असतो, आपली पोरं मेरिटवर गेली हो, आणि ते काळे बघा, तिथेच जन्मले तरी नुसते सवलती मागतात. अहो पण मेरिट 1923 सालीही होतंच की! भगतसिंग थिंड म्हणून अमृतसरकडचे एक शीख गृहस्थ पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात होते, त्यांना नागरिकत्व मिळालं, काढून घेतलं, परत मिळालं, मग सरकार सुप्रीम कोर्टात गेलं. 1790 चा कायदा म्हणायचा नागरिक व्हायचं तर माणूस गोरा पाहिजे, 1870 ला त्यात काळ्यांना घेतलं, मधल्या आपल्यासारख्यांना जागाच नव्हती. मग थिंड यांच्या बाजूने काय सांगितलं, तर हा उच्चवर्णीय आर्य आहे म्हणजे गोराच, आणि वर हेही की अमेरिकन माणूस लग्नाच्या बाबतीत निग्रोला जसं लांब ठेवतो तसंच उच्चवर्णीय हिंदू भारतातल्या मूळ रहिवाशांना ठेवतो. म्हणजे समतेच्या देशात शिरायला आपण जातीचा दाखला घेऊन गेलो! कोर्ट म्हणालं, शास्त्र तुम्हाला कॉकेशियन म्हणजे गोऱ्यांच्याच वंशातले म्हणो, सामान्य माणसाच्या नजरेत तुम्ही गोरे नाही. गंमत म्हणजे त्याच कोर्टाने तीनच महिने आधी ओझावा नावाच्या जपान्याला सांगितलं होतं की कातडी कितीही उजळ असू दे, वंश कॉकेशियन पाहिजे. दोन्ही निकाल लिहिणारा जज एकच, सदरलँड.

त्यानंतर ज्यांना आधी नागरिकत्व मिळालं होतं अशा भारतीयांकडूनही सरकारने ते काढून घ्यायला सुरुवात केली. थिंड यांचे वकील सखाराम गणेश पंडित, नाव वाचून आपल्याकडचेच वाटतात की नाही, तर ते 1914 पासून अमेरिकन नागरिक, लॉस एंजेलिसला वकिली करायचे, त्यांच्यावरही केस टाकली. ते मात्र जिंकले, 1927 ला सुप्रीम कोर्टाने सरकारचं अपील ऐकायलाच नकार दिला. आपल्या किती पोरांना हे नाव माहीत आहे?

1946 ला दार किलकिलं झालं, भारतीयांना वर्षाला 100 चा कोटा. अख्ख्या देशाला शंभर! दार खरं उघडलं 1965 ला, आणि ते काही आपल्या मेरिटकडे बघून नाही. त्याच वर्षी मार्चमध्ये अलाबामात सेल्माच्या पुलावर मताचा हक्क मागणाऱ्या काळ्यांची डोकी पोलिसांनी फोडली, ऑगस्टमध्ये मतदान हक्काचा कायदा झाला आणि ऑक्टोबरमध्ये देशावार कोटे रद्द करणारा इमिग्रेशनचा कायदा. वंश बघून इथल्या माणसाला मत नाकारायचं नाही म्हटल्यावर वंश बघून बाहेरच्याला व्हिसा नाकारणंही अवघड झालं, सरळ हिशोब आहे.

आणि नुसतं तेव्हाचं नाही. 20 जानेवारी 2025 ला ट्रम्पने आदेश काढला की टेम्पररी व्हिसावरच्या आईबापांचं मूल जन्माने नागरिक धरायचं नाही, तीस दिवसांनी लागू. मुलीला तेव्हा आठवा महिना, ड्यू डेट मार्चची, आम्ही इकडे कॅलेंडर घेऊन दिवस मोजत बसलेलो, विहीणबाई तर फोनवर म्हणाल्या सिझेरियन आधीच करून घ्यायचं का! आदेश लागू व्हायच्या आत कोर्टाने रोखला तो कशाच्या आधारावर, तर अमेरिकेत जन्मला तो नागरिक असं सांगणाऱ्या 1868 च्या चौदाव्या घटनादुरुस्तीच्या. ती मुळात कुणासाठी होती? गुलामीतून सुटलेल्या काळ्यांसाठी, कारण त्याआधी 1857 ला सुप्रीम कोर्टानेच सांगितलं होतं की ते नागरिक होऊच शकत नाहीत. 1898 ला तिथेच जन्मलेल्या एका चिनी वंशाच्या स्वयंपाक्याने कोर्टात भांडून ती बाहेरून आलेल्यांच्या पोरांनाही लागू करून घेतली. आमच्या नातीचा निळा पासपोर्ट या लोकांमुळे आहे, आयआयटीमुळे नाही. हे कट्ट्यावर बोललो तर दोन मिनिटं शांतता, मग विषय क्रिकेटवर.

महात्मा फुल्यांनी 1873 ला आपलं गुलामगिरी हे पुस्तक अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या सज्जनांना अर्पण केलं. चारच वर्षांत तिथल्या सरकारने दक्षिणेतलं सैन्य काढून घेतलं आणि काळ्यांना परत जुन्या मालकांच्या तावडीत सोडलं, पण फुल्यांना कळलं होतं की तिकडचं आणि इकडचं दुखणं एकच आहे. आपण काय केलं? सिएटल शहराने 2023 ला जातीवरून भेदभाव करायला बंदी घातली, कॅलिफोर्नियात तसंच विधेयक दोन्ही सभागृहांत पास झालं, तर त्याच्या विरोधात सगळ्यात जोरात कोण उभं राहिलं, आपल्याच काही हिंदू संघटना, आणि त्या ऑक्टोबरमध्ये गव्हर्नर न्यूसमनी ते परत पाठवलं, म्हणे आधीच्या कायद्यात हे सगळं येतंच. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर त्या रात्री पेढ्यांचे इमोजी पडले होते.

आपला,
एक नेहमीचा वाचक, नाशिक