पुठ्ठा कापला, पुरावा गेला

मा. संपादक,
स.न.

रविवारच्या पुरवणीत ‘पहिल्या महायुद्धातील मराठा स्वार’ या मथळ्याखाली पूना हॉर्स या घोडदळाच्या रेजिमेंटचा जुना ग्रुप फोटो छापून आला. घोडदळाला अर्धं पान देणारं वर्तमानपत्र विरळाच, म्हणून आधी आभार. आता तक्रार.

हा फोटो महायुद्धातला नाही. खुर्चीवर बसलेल्या रिसालदाराची छाती भिंगातून पाहा. आडव्या पट्टीला लटकलेलं चांदीचं युद्धपदक आणि त्याशेजारी कडीत अडकवलेलं ब्राँझचं, ही जोडी युद्ध संपल्यावर, 1919 पासून पुढे मिळाली. तिसरं पदक या दोन्हींपेक्षा किंचित लहान आहे. मला ते ब्रिटिश राजाच्या कारकिर्दीच्या 1935 च्या रौप्यमहोत्सवाचं किंवा 1937 च्या राज्याभिषेकाचं वाटतं. दोन्हींवर राजा-राणी शेजारी शेजारी आहेत. राजाला दाढी असेल तर पंचम जॉर्ज, सफाचट असेल तर सहावा! पण छपाईच्या ठिपक्यांत दाढी हरवते. मूळ प्रतच बघायला हवी.

‘मराठा’ हेही चुकलंच. नाव पुण्याचं असलं तरी त्या वर्षांत या रिसाल्यात भरती राठोड राजपूत, कायमखानी आणि जाटांची होती. महायुद्धानंतर हिंदी घोडदळाच्या 39 रेजिमेंटांच्या 21 झाल्या. छत्तीस रेजिमेंटांच्या जोड्या लावल्या, तिघी एकट्या राहिल्या. पूना हॉर्समध्ये 33 वी आणि 34 वी एक झाल्या आणि नवा क्रमांक 17 आला. म्हणूनच कुणाच्या खांद्यावरच्या पितळी अक्षरांत 21 च्या वरचा आकडा दिसला, तर फोटो या एकत्रीकरणाच्या आधीचा म्हणायला हरकत नाही.

त्याच सुमारास शिलेदारी पद्धतही बंद झाली. हा शब्द इंग्रजांनी आपल्याकडूनच उचलला. स्वार घोडा आणि सरंजाम स्वतःचा आणी, आणि कपडे रेजिमेंट आपल्या पसंतीने शिवून घेई. त्यामुळे 1914 च्या आधीच्या फोटोंत दर रेजिमेंटचा कुर्ता आणि कमरबंद वेगळा दिसतो. नंतरच्या फोटोंत सगळी सरकारी खाकी. मग ओळख पटवायला उरतात त्या बारीकसारीक खुणा: फेट्याच्या लुंगीचे (म्हणजे कापडाचे) पट्टे, आत कुल्ला (टोकदार टोपी) आहे की नाही, गळपट्टीवरचा बिल्ला, खांद्यावरचा एक तारा (जमादार), दोन तारे (रिसालदार) की मुकुट (रिसालदार-मेजर). पूना हॉर्सच्या निशाणावर तर चांदीचा पंजा आहे, 1857 साली इराणात खुशाबच्या लढाईत मिळवलेला. मोहरमचे पंजे पाहिलेल्या आपल्या वाचकाला तो क्षणात ओळखू येईल.

आणि नेमक्या याच खुणा आपल्या छपाईत गेल्या. कुणीतरी संगणकाकडून फोटो रंगवून घेतला आणि संगणकाने सगळ्यांचे फेटे भगवे करून टाकले. युद्धपदकाची फीत मध्ये नारिंगी आणि काठाला निळी असते. इथे ती हिरवी आहे. त्या काळच्या निगेटिव्हच्या बऱ्याच काचांना लाल रंग दिसत नसे. लाल, नारिंगी काळपट उमटे आणि निळा फिका पडे. या राखाडी छटांवरून रंगाचा अंदाज माहीतगारालाही जपूनच बांधावा लागतो, यंत्र मात्र बिनधास्त ठोकून देतं.

त्याहून जिवाला लागलं ते कापणं. अशा फोटोंना जाड पुठ्ठा असतो. खाली रेजिमेंट, गाव, साल आणि कित्येकदा रांगेने नावंही असतात. आपल्या चित्राच्या तळाशी त्या ओळीची वरची अर्धी अक्षरं अजून दिसताहेत! पुण्याच्या जुन्या बाजारात मी असे कापलेले फोटो रद्दीच्या भावाने विकले जाताना पाहिले आहेत. माणसं सगळी समोर, नाव एकाचंही नाही.

ग्वाल्हेर, बडोदा, इंदूरच्या मराठी घरांत संस्थानी घोडदळातल्या पणजोबांचे असे फोटो अजून भिंतीवर असतील. त्यांनी निदान फ्रेम काढून मागची बाजू बघावी.

ज्यांनी हा फोटो आपल्याला दिला, त्यांच्याकडून तो पुन्हा मागवून न रंगवता, पुठ्ठ्यासकट छापावा, ही विनंती. आणि रिसालदाराच्या तिसऱ्या पदकावर राजाला दाढी आहे का, तेवढं भिंगातून बघून कळवावं.

आपला एक वाचक,
पुणे